सात महिने मजुरी करतो, म्हणून आम्ही नट नाही का? झाडीपट्टीतून सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय
आणि झाडीपट्टीतील सर्व नाट्यनिर्माते व आयोजक मंडळे

सप्रेम नमस्कार.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा राज्य सरकारच्या मासिक कलावंत मानधनाचा अर्ज या पावसाळ्यात परत आला. कारण तोंडी सांगितले, लेखी दिले नाही. नावावर दीड एकराचा सातबारा आहे, घरात रोजगार हमीचे जॉबकार्ड आहे, मग उपजीविका कलेवर आहे असे कसे म्हणता, असे त्यांना विचारले गेले. मी त्यांच्या सोबत होतो. त्यांनी पिशवीतून जुनी हँडबिले, गावोगावच्या मंडळांची मानपत्रे आणि पिवळे पडलेले फोटो काढून टेबलावर ठेवले. ते कोणी हातात घेतले नाहीत. "तुम्ही नाटकात काम करत होता हे खरे असेल, पण व्यवसायाने तुम्ही शेतमजूर आहात," एवढे एक वाक्य ऐकून आम्ही बाहेर आलो.

ते वाक्य मला मान्य नाही. झाडीपट्टीच्या रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाला ते लागू होते, म्हणून हे पत्र मी एकट्या तुम्हाला न लिहिता सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. धानाचा आणि जंगलाचा. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात, आणि मंडई असो की पट, त्या रात्री गावात नाटक असतेच. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडता उजाडता पडतो. हा हंगाम होळीच्या आसपास संपतो. कंपन्यांचा मुख्य तळ देसाईगंज, म्हणजे आमचे वडसा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव दिवाळीनंतर झोपत नाही. बुकिंगच्या ऑफिसांत बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आलेले गावकरी, दुपारी नेपथ्य लादून निघणाऱ्या गाड्या आणि सकाळी परतणारे रंग न पुसलेले चेहरे. २०२३ मध्ये आमचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला ती आपल्या घरी आल्यासारखी वाटली. या नाटकाला देशाने मान दिला आहे. प्रश्न ते नाटक करणाऱ्यांच्या उरलेल्या सात महिन्यांचा आहे.

मी आरमोरी तालुक्यातला. वीस वर्षांहून जास्त काळ खलनायकाच्या आणि आता बापाच्या भूमिका करतो. मला रात्रीचे १,८०० रुपये मिळतात. माझ्यापेक्षा जास्त घेणारे नट आहेत, आणि ७००-८०० रुपयांत पूर्ण रात्र उभे राहणारेही आहेत. हंगाम बरा गेला तर माझ्या ८० रात्री होतात. म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यात वडशातली खोली, प्रयोग नसलेल्या दिवसांचे जेवण, मेकअपचे सामान, कपडे, औषधपाणी. घरी जे पोचते त्यावर पाच माणसांचे बारा महिने निघत नाहीत. म्हणून होळीनंतर मी दुसरे काम करतो. सगळेच करतात.

ते काम काय असते, हे आपल्या विभागाच्या फाइलमध्ये कुठे लिहिलेले नसेल, म्हणून सविस्तर सांगतो.

हंगाम संपतो तेव्हा मोह गळायला लागलेला असतो. पहाटे टोपली घेऊन जंगलात जायचे, ऊन चढायच्या आत फुले वेचायची. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात वाघाने माणसे मारल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यातली बरीच माणसे मोह, सरपण किंवा तेंदूपत्ता आणायला गेलेली होती. तरी जावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पाने तोडायची, दुपारभर घरात बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने घेणाऱ्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हे काम पंधरा-वीस दिवसांचे, पण त्यातून येणारा पैसा पोरांच्या शाळेच्या तोंडावर येतो. आमचे गाणारे आणि ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे कलाकार या दिवसांत लग्नाच्या बँडमध्ये नाहीतर भजनी मंडळांत असतात. कोणी मंडपवाल्याकडे खुर्च्या उचलतो. धान खरेदी केंद्रावर पोती वाहणारे दोन नट माझ्या ओळखीचे आहेत. हंगामात त्यांच्या प्रवेशाला टाळ्या पडतात.

पाऊस पडला की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलणी आणि रोवणी. स्वतःची जमीन असेल त्याची आधी स्वतःची, मग दुसऱ्याची. नसेल त्याला रोजी. आणि याच दिवसांत नव्या नाटकाची संहिता हातात येते. दिवसभर वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, रोवायचे आणि रात्री दिव्याखाली पाठांतर करायचे. कित्येकांनी आपली गाजलेली भूमिका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पाठ केली आहे. पुढे दिवाळीच्या आधी वडशाला तालमी सुरू होतात. तालमीच्या दिवसांचे वेगळे पैसे मला आजवर मिळालेले नाहीत. धान नेमके तेव्हाच कापणीला येते. म्हणजे ज्या दिवसांत शेतात सगळ्यात जास्त माणूस लागतो, त्याच दिवसांत नट घर सोडतो आणि कापणी, बांधणी, चुरणी (मळणी) सगळे बायकोच्या अंगावर पडते. झाडीपट्टीच्या नाटकाला सगळ्यात मोठे अनुदान या बायकांनी दिले आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही शासन निर्णयात नाही.

काही जण तेलंगणात मिरची तोडायला जातात. हे माझ्या मनाला फार लागते, कारण त्याचा थेट घशाशी संबंध आहे. मिरचीच्या शेतात दिवसभर तिखट धूळ नाकातोंडात जाते. एक चांगला गाणारा गडी दोन उन्हाळे तिकडे जाऊन आला आणि आता वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकात आठ-दहा गाणी असतात. आवाज फाटला की भूमिका लहान होते, भूमिका लहान झाली की रात्रीचे पैसे कमी होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मिरचीलाच जावे लागते. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचे तेच. दोन हंगामांच्या मधले काम नटाचे शरीर खाते, आणि शरीराशिवाय त्याच्याकडे दुसरे भांडवल नाही. कलावंतांच्या योजना आखणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे.

आमच्या सहकारी स्त्रियांची अवस्था आणखी कठीण. पुष्कळ जणी नागपूरहून किंवा बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन वडशात खोली भाड्याने घेतात. हंगाम संपला की कोणी शिवणकाम करते, कोणी केटररकडे पोळ्या लाटायला जाते, कोणी ऑर्केस्ट्रात गाते, कोणी शिकवण्या घेते. नाटकात काम करते म्हटल्यावर खोली नाकारणारे घरमालक आजही आहेत, म्हणून त्या हे काम लपवतात. मग कागदावर त्यांचा व्यवसाय "गृहिणी" असा लागतो. बाळंतपण आले तर आख्खा हंगाम बुडतो आणि त्या काळात त्यांना कुठूनही एक रुपया मिळत नाही. पन्नाशीनंतर त्या मानधनाचा अर्ज घेऊन येतील तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काय असेल? आमच्या ज्येष्ठांकडे निदान हँडबिले तरी होती.

महोदय, नटाने पोटासाठी दुसरे काम करणे ही मराठी रंगभूमीला नवी गोष्ट नाही. निळू फुले यांनी पुण्यात माळीकाम केले. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत होते. डॉ. श्रीराम लागू शल्यविशारद होते. त्यांना कोणी विचारले नाही की तुम्ही बँकेतले की रंगमंचावरचे. उलट त्या काळी मुंबईत बँका, रेल्वे, बेस्ट, कामगार कल्याण केंद्रे यांनी नाटकवेड्यांना सांभाळून घेतले, त्यांच्या स्पर्धा भरवल्या. महिन्याला पगार येत होता म्हणून संध्याकाळी तालमीला जाता येत होते. आमच्याकडे बँकेची नोकरी नव्हती, धानाची बांधी होती. त्यांच्या खुर्चीने त्यांचे नटपण हिरावले नाही, मग आमच्या चिखलाने आमचे का हिरावावे?

आता तक्रारी सांगतो.

सगळ्यात मोठी तक्रार वर आलीच आहे. कलावंत कोण, हे ठरवताना तो कलेशिवाय आणखी काय करतो हे पाहिले जाते. राज्याची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजना चांगली आहे. २०२४ मध्ये ते मानधन महिना ५,००० रुपये झाले, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण अर्जदार हयातभर केवळ कलेवर जगला का, ही कसोटी लावली तर झाडीपट्टीतला एकही प्रामाणिक माणूस तिच्यात बसणार नाही. जो खोटे लिहील तो बसेल, आणि खरे सांगणारा बाहेर राहील. ई-श्रम कार्ड काढताना माझा मुख्य व्यवसाय शेतमजुरी असा भरला गेला. वर्षातले जास्त दिवस त्यातच जातात, म्हणून तेव्हा मीही हरकत घेतली नाही. आज तोच कागद माझ्या नटपणाविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

याच राज्यात दुसरीकडे याहून शहाणा नियम आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. उरलेले २७५ दिवस तो माणूस शेती करतो, भाजी विकतो की घरी बसतो, हे तो नियम विचारत नाही. ९० दिवस केले, तो बांधकाम कामगार. आमच्या नटाने ६० रात्री केल्या तर तो नट का ठरू नये?

फ्रान्समध्ये तर याहून पुढचा विचार आहे. तिथे १२ महिन्यांत ५०७ तासांचे काम भरले की नाट्य-चित्रपट कलावंताला दोन कामांच्या मधल्या काळात बेरोजगारी भत्ता मिळतो. आमचा एक प्रयोग सात तासांचा धरला तर ७३ रात्रींत ५०७ तास भरतात. हंगाम बरा गेला तर माझे भरतात. तसा भत्ता इथे उद्या सुरू करा असे मी म्हणत नाही. पण दोन नाटकांच्या मधला काळ हाही नटाच्या आयुष्याचाच भाग आहे, हे एका देशाने कायद्यात मान्य केले आहे, एवढे आपल्यापुढे ठेवतो.

दुसरी तक्रार पैशांच्या उशिराची. मतदार जागृती, हिवताप, व्यसनमुक्ती, शासकीय योजनांची प्रसिद्धी, अशा प्रत्येक मोहिमेत प्रशासनाला आमची आठवण येते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्या विषयावर आम्ही चौकाचौकांत पथनाट्ये केली आहेत, पुढेही करू. हे काम आम्हाला आवडते, आणि नेमके ते हंगामाबाहेर मिळू शकते. पण एका मोहिमेचे मानधन आमच्या पथकाला पुढच्या हंगामाचे प्रयोग सुरू झाल्यावर मिळाले. पावसाळ्यात तो पैसा हातात असता तर आमच्यातल्या दोघांना सावकाराकडे जावे लागले नसते. शिवाय असे काम कोणाला आणि कसे मिळते हे बहुतेकांना ठाऊकच नसते. यादी कधी मागवली, कुठे लागली, हे आम्हाला नंतर कळते.

तिसरी, परवानगीची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. आमचे नाटक नेमके त्याच वेळात होते. आजवर हे समजुतीने चालत आले, पण समजुतीवर कोणाचे पोट कायम चालू शकत नाही. त्यात निवडणूक आली की अनिश्चितता वाढते. २०२४ मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. मंडईचा पहिला पंधरवडा आणि प्रचार एकाच वेळी आले. ऐनवेळी प्रयोग रद्द झाला तर नटाची ती रात्र गेली, ती परत मिळत नाही. लोकांची झोप, रुग्ण, परीक्षेची मुले यांचा विचार झालाच पाहिजे, त्याला आमचा विरोध नाही. पण झाडीपट्टीच्या नाटकासाठी आवाजाची मर्यादा, अंतर आणि परवानगीची मुदत यांचा स्पष्ट लेखी नियम हंगामाच्या आधी हवा.

चौथी तक्रार निर्माते आणि आयोजक बंधूंकडे आहे, आणि ती मी आदराने करतो. तुम्हीही कर्ज काढून कंपनी उभी करता, अवकाळी पावसाने तुमचेही कंबरडे मोडते, हे मी जवळून पाहिले आहे. पावसाळ्यात तुम्ही दिलेल्या उचलीवर आमची चूल पेटली आहे, हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन. पण आपला सगळा व्यवहार तोंडी आहे. किती रात्री, रात्रीचे किती, प्रयोग रद्द झाला तर किती, आजारी पडलो तर काय, यातले काहीच लिहिलेले नसते. बयाणा तुमच्याकडे जमा असतो, नटाला मात्र रद्द झालेल्या रात्रीचे काही मिळत नाही. आणि गाडीचा प्रवास! रात्रभर जागलेली माणसे, रात्रभर जागलेला चालक, जंगलातला रस्ता, धुके. दरवर्षी कुठे ना कुठे अपघात झाल्याचे कानावर येते आणि मग आपण सगळे वर्गणी काढतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते. कंपनीच्या सगळ्या माणसांचा हा विमा तालमीच्या पहिल्या दिवशी उतरवायला किती खर्च येतो? एका रात्रीच्या चहापाण्याएवढाही नाही. हे काम सरकारची वाट न पाहता आपण यंदाच करू शकतो.

करोनाच्या काळात या सगळ्याची किंमत आम्ही मोजली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमचा हंगाम संपत आला होता, खरा मार पुढच्या हंगामात बसला. राज्य सरकारने पुढे कलावंतांना ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. ती घ्यायलाही आधी कलावंत असल्याचे सिद्ध करावे लागले, आणि इथल्या अनेकांकडे ते सिद्ध करणारा कागद नव्हता. प्रेक्षागृहात, म्हणजे मोकळ्या शेतात खणलेल्या त्या उतरत्या जागेत, हजारो माणसांनी ज्यांना पाहिले होते, त्यांना कोणी पाहिल्याची नोंद नव्हती. पुढचे संकट महापुराचे असेल की आणखी कशाचे, ते कोणाला ठाऊक नाही, पण त्या दिवशी पुन्हा याच रांगेत उभे राहायची आमची तयारी नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

१. मानधन योजनेत आणि कलावंतांच्या इतर सर्व योजनांत "केवळ कलेवर उपजीविका" या निकषाऐवजी हंगामात किमान ६० प्रयोग असा निकष हंगामी रंगभूमीसाठी लावावा. सातबारा, जॉबकार्ड किंवा ई-श्रम कार्ड आहे एवढ्यावरून कोणालाही अपात्र ठरवू नये. साठपेक्षा कमी रात्री मिळणाऱ्या वयस्कर नटांसाठी आणि स्त्रियांसाठी मागच्या पाच हंगामांची सरासरी धरावी.

२. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी द्यावे आणि दाद मागायला जिल्हा पातळीवर मुदत द्यावी. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा अर्ज याच रीतीने पुन्हा तपासावा.

३. झाडीपट्टीतल्या कलावंतांची नोंदवही तयार करावी. त्यात फक्त नट-नट्या नकोत, तर वादक, प्रॉम्प्टर, रंगभूषाकार, नेपथ्य आणि प्रकाशयोजना सांभाळणारेही हवेत. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने हे काम एका हंगामात होऊ शकते. जुनी हँडबिले, फोटो, मानपत्रे, आयोजक मंडळाचा दाखला हे पुरावे ग्राह्य धरावेत. ज्या बायकांकडे यातले काही नाही, त्यांच्यासाठी दोन नोंदणीकृत कलावंतांची साक्ष पुरेशी मानावी.

४. एप्रिल ते सप्टेंबर या काळात शासकीय जनजागृतीचे काम नोंदवहीतल्या पथकांना पाळीपाळीने द्यावे, आणि काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे खात्यात जमा करावेत. चारही जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांत जून ते ऑगस्ट नाट्य आणि गायनाची शिबिरे घ्यावीत व ती शिकवायला आमच्या कलावंतांना मानधनावर बोलवावे. हे काम मिळाले तर आमचा गाणारा गडी मिरचीला जाणार नाही. या मागणीवर मी सगळ्यात जास्त भर देतो. आम्हाला मदतीपेक्षा काम हवे आहे, आणि ते घसा व पाठ शाबूत ठेवणारे हवे आहे.

५. निर्माता आणि कलावंत यांच्यात एका पानाचा लेखी करार सक्तीचा करावा. त्यात रात्रींची संख्या, रात्रीचे मानधन, प्रयोग रद्द झाल्यास द्यायचा वाटा, अपघात विमा आणि स्त्री कलावंतांसाठी प्रयोगाच्या गावी बंद खोली व स्वच्छतागृह या गोष्टी असाव्यात. नमुना संचालनालयाने तयार करून द्यावा, म्हणजे तो प्रत्येक कंपनीत सारखा राहील.

६. नोंदणीकृत स्त्री कलावंताचा बाळंतपणामुळे हंगाम बुडाला तर तिला त्या हंगामासाठी आर्थिक साहाय्य द्यावे.

७. रात्रीच्या प्रयोगांच्या परवानगीचा लेखी नियम दरवर्षी सप्टेंबरअखेर जाहीर करावा. निवडणुकीच्या वर्षीही तो आधीच ठरवावा.

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या मागणीला फारसा खर्च नाही, पहिल्या दोन तर नुसत्या आदेशाने होतील. म्हणून पैशांची अडचण पुढे करून हे पत्र बाजूला ठेवू नये, ही विनंती.

दिवाळीपूर्वी वडशाला तालमी सुरू होतील. तेव्हा जवळजवळ सगळ्या कंपन्यांची माणसे एकाच गावात असतात. त्या आठवड्यात आपल्या विभागाचा एक अधिकारी आणि दोन कारकून चार दिवसांसाठी पाठवा. बसायला जागा, टेबल-खुर्च्या आणि नावे सांगायला माणसे आम्ही देऊ. दिवसा तालीम असते, म्हणून नोंदणी संध्याकाळी सहानंतर ठेवावी. तारीख पंधरा दिवस आधी कळवली तर गोंदिया आणि भंडाऱ्याकडचे कलाकारही पोचू शकतील.

आपला,
झाडीपट्टी रंगभूमीवरील एक नट
ता. आरमोरी, जि. गडचिरोली